मधल्या खोलीतला वळसा

पाऊस परतला की रिसोडात सगळ्यात आधी जाणवते ती शांतता. पत्र्यांवरचा आवाज थांबतो, नालीकाठचे बेडूक गप्प होतात, आणि मग भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना, घरं आवाज करू लागतात. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि आश्विनाच्या उन्हात आकसते. ती आकसायला लागली की भिंतीच्या पोटात बारीकसं काहीतरी टक् करतं. दाराची चौकट कुरकुरते. कालपर्यंत सहज लागणारी कडी आज लागत नाही. शेतात तर हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि सोंगणीच्या वेळी सांडलेले सोयाबीनचे दाणे त्यांत घरंगळून दिसेनासे होतात. लांब कुठेतरी मळणीयंत्र घरघरत असतं. ते मध्येच बंद पडलं की वाटतं, सगळा शिवार श्वास धरून आपल्याकडे कान लावून बसलाय.

आज सकाळी मी ओसरीत बसून पोरांसाठी शेंगा निवडत होते, आणि मधल्या खोलीत तसाच टक् आवाज झाला. हातातली शेंग हातातच राहिली. आवाज भिंतीचा होता, मला माहीत होतं. तरी बराच वेळ मी उठले नाही.

माझं घरगुती पाळणाघर आहे. माझे पती एसटीत कंडक्टर, सकाळी जातात ते संध्याकाळी येतात. आमचा मुलगा शिकायला अकोल्याला गेला आणि घर एकदम रिकामं झालं, तेव्हा शेजारच्या नजमाआपांनी त्यांचा नातू अयान माझ्याकडे आणून बसवला. आपांचं बाजारात बांगड्यांचं दुकान. त्यांची सून दुकानात मदतीला जाऊ लागली होती. "सुनंदा, तुह्या घरात लेकराचा आवाज पाह्यजे अन् माह्या लेकराले घर पाह्यजे," एवढंच त्या म्हणाल्या. मग किराणा व्यापाऱ्याच्या घरातली पलक आली. सरकारी दवाखान्यात नर्स असलेल्या मेघाची दुर्वा आली. मग आणखी दोघं-तिघं. मी कुठलं प्रशिक्षण घेतलेलं नाही. पण एवढी छोटी पोरं दिवसभर नुसती सांभाळायची नसतात, त्यांच्या हाताला आणि डोळ्यांना काहीतरी द्यावं लागतं, हे पहिल्याच महिन्यात कळलं. आणि द्यायला ऋतूइतकं फुकटचं आणि भरपूर दुसरं काय आहे?

म्हणून दर महिन्याच्या अखेरीस मी पुढच्या महिन्याचा विचार करून ठेवते. भाद्रपदात तान्हा पोळा. मातीचे बैल करायचे, एकाचं शिंग मोडलं तरी त्याला पूजेत बसवायचं. आश्विनात भुलाबाईची गाणी, गोल फेर, रोज वेगळा खाऊ आणि तो डब्यात हलवून ओळखायचा. त्याच दिवसांत बाटलीत सोयाबीनचे दाणे भरून खुळखुळे. बाटलीचं झाकण मी स्वतः घट्ट करते, कारण एकदा एका पोराने दाणा नाकात घातला होता आणि मेघा धावत आली म्हणून निभावलं. थंडीत उन्हात बसून बोरं मोजायची, हुरडा खायचा. होळीला पळसाच्या फुलांचं पाणी. उन्हाळ्यात कोयींवर डोळे-नाक काढायचे. असं वर्ष फिरतं. पोरं बदलतात, बोरं तीच असतात.

एका वर्षीच्या आश्विनाची गोष्ट मात्र मी कोणाला सलग सांगितलेली नाही. तुकडे सांगितलेत. सलग सांगितली की माझाच आवाज मला वेगळा वाटतो.

आमचं घर साधं आहे. पुढे जाळीची ओसरी, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर. मधल्या खोलीत शहाबादी फरशी. ओसरीतून स्वयंपाकघरात जायचं तर खोलीच्या बरोबर मधून जावं लागतं. सासऱ्यांनी हा प्लॉट घेऊन घर बांधलं तेव्हा इथे पूर्वी काय होतं हे कोणी विचारलं नव्हतं. रिकामी जागा होती, एवढंच आम्हाला ठाऊक.

पोळ्यापर्यंत पोरं त्या खोलीत कुठेही लोळत असत. मातीचे बैल आम्ही बरोबर मध्यावर ओळीने उभे केले होते, मला पक्कं आठवतं, कारण पलकने तिच्या बैलाला पाणी पाजताना तिथेच पेला सांडला होता. मग पाऊस उघडला. ऊन पिवळं झालं. आणि केव्हातरी मला दिसलं की पोरं ओसरीतून स्वयंपाकघराकडे येताना सरळ येत नाहीत. दारातून आत शिरतात, भिंतीकडे वळतात, भिंतीच्या कडेकडेने येतात आणि शेवटी माझ्याकडे वळतात. पाण्याचा पेला मागायला आलेली दुर्वा तशी आली. तिच्यामागून अयान. मी म्हटलं, खेळ असेल. गाडी-गाडी खेळत असतील, वळणं घेत असतील.

खेळ असता तर आवाज असता. पोरं गाडी झाली की घुर्र करतात. ही पोरं ते वळण गुपचूप घेत होती, आपण चिखल चुकवून चालतो तशी, बोलता बोलता, लक्षही न देता.

संध्याकाळी मी यांना सांगितलं. हे जेवत होते. म्हणाले, "पोट्टे हायेत ते. एक मेंढी जिकडे गेली तिकडे साऱ्या."

"पन पहिली मेंढी काहून गेली तिकडे?"

"ते मेंढीले विचार," म्हणाले आणि हसले. मीही हसले.

त्या आठवड्यात मी एक नवा खेळ ठरवला होता. आवाज ओळखायचे. डोळे मिटायचे, कान द्यायचे आणि काय ऐकू येतंय ते सांगायचं. सुगीच्या दिवसांत ऐकायला खूप असतं. ट्रॅक्टर, यंत्र, पोती घेऊन जाणारे हमाल, एखादा चुकार पोपट. पोरं मजेत सांगू लागली. मग मी म्हटलं, आता जमिनीला कान लावा, बघू लांबचं यंत्र ऐकू येतं का. सगळी पालथी पडली. इवलेसे पार्श्वभाग वर, गाल फरशीवर. मला हसू आवरेना.

पलक तेव्हा जेमतेम काही शब्द बोलायची. ती डोळे मिटून तशीच पडून राहिली. मग म्हणाली, "पानी."

"नळ आला का गं?" मी उठून मोरीत पाहून आले. नळ कोरडा होता.

"पानी," पलक पुन्हा म्हणाली. दुर्वा आणि अयानही कान लावून होते. कोणी नाही म्हणालं नाही. मी स्वतः गुडघ्यावर बसले, पदर सावरला आणि कान लावला. फरशी गार होती. आणखी काही नाही. माझ्या कानात माझंच रक्त वाजत होतं.

दसऱ्यानंतर सोहम आला. त्याची आई शाळेत शिक्षिका, वडील बाहेरगावी. दीड वर्षाचं पोर, नीट चालताही येत नव्हतं, रांगायचं मात्र वाऱ्यासारखं. पहिल्या दिवशी आई गेल्यावर रडला, म्हणून मी त्याच्यापुढे लाल चेंडू सोडला. चेंडू खोलीच्या या टोकापासून मधून घरंगळत त्या टोकाला गेला. सोहम रडणं विसरून त्याच्यामागे निघाला, तळहात फरशीवर आपटत, थपथप. आणि खोलीच्या मध्याजवळ आल्यावर थांबला. हात उचलला, पुढे टेकवायला नेला आणि मागे घेतला. मग तिथेच बूड टेकून बसला. चेंडू पलीकडे भिंतीपाशी पडला होता. त्याच्याकडे हात पसरून तो रडू लागला.

तो त्याच दिवशी आला होता. त्याने कोणाला पाहिलं नव्हतं, बाकीची पोरं तेव्हा ओसरीत होती.

मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. अंगावर काटा वगैरे आला नाही. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं झालं.

मी त्याला उचललं आणि चेंडू दिला. चेंडू आणायला मी खोलीच्या मधूनच गेले आणि मधूनच आले. फरशी पक्की होती.

दिवाळी जवळ आली तशी मी पावलांचा खेळ काढला. दरवर्षी करते. मोठ्या परातीत गेरू कालवायचा, पोरांचे पाय त्यात बुडवायचे आणि खोलीभर नाचू द्यायचं. लक्ष्मीची न म्हणता मी त्यांना सुगीची पावलं म्हणते, म्हणजे सगळ्यांच्या घरची होतात. नजमाआपा त्या दिवशी मुद्दाम बघायला आल्या होत्या, ओसरीच्या दारात स्टुलावर बसून टाळ्या वाजवत होत्या. मी मोबाइलवर गाणं लावलं. गेरूच्या गारव्याने पोरं किंचाळली आणि सुटली. केवढा गोंधळ! कोणी घसरलं, कोणी हाताचेही ठसे उमटवले, सोहम तर पोटाने रंगवत फिरला. दुर्वाची वेणी लाल झाली. खूप दिवसांनी घर भरल्यासारखं वाटलं.

गाणं संपलं. मी पोरांना ओसरीत घेऊन पाय धुवायला लागले. आपा आत डोकावल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

"सुनंदा," त्या म्हणाल्या, "इकडे ये वं."

सगळी फरशी लाल झाली होती. पावलांवर पावलं, त्यावर पावलं, भिंतीच्या कडेपर्यंत. आणि बरोबर मध्ये एक काळाभोर गोल होता. कोरडा, स्वच्छ. बैलगाडीचं चाक आडवं ठेवावं त्याहून थोडा मोठा. त्याच्या कडेने पावलं दाटीने फिरली होती, भुलाबाईभोवती फेर धरावा तशी. एका ठिकाणी तर छोटी बोटं अगदी काठाशी आकसून उमटली होती, तोल सावरताना आकसतात तशी. आत एकही ठसा नव्हता. शिंतोडासुद्धा नव्हता.

"तू काही ठेवलं व्हतं काय मधात? परात-गिरात?"

"परात तर दारापाशी होती, आपा."

 आपांनी डोक्यावरची ओढणी पुढे ओढली.

मला एकदम राग आला. कशाचा ते सांगता येत नाही. आपल्याच घरात आपल्याला वेगळं पाडल्याचा असेल. मी लाल पावलं तुडवत गेले आणि त्या गोलाच्या मध्ये जाऊन उभी राहिले. दोन पाय जोडून, भक्कम. पोरं ओल्या पायांनी दारात गोळा झाली होती. मी मुद्दाम मोठ्याने हसले, टाळ्या वाजवल्या. "या रे! पहा, काही नाही इथं. या मावशीजवळ!"

एकही पोर हललं नाही. अयान रडायला लागला. दुर्वाने दोन्ही हातांनी डोळे झाकले.

"बाहेर निघ," आपा हळूच म्हणाल्या. "लेकरं भेऊन राह्यले. बाहेर निघ तू."

मला तिथे काहीच जाणवलं नव्हतं. ना गारवा, ना आवाज. माझ्या पन्नाशीकडे झुकलेल्या पायांना तिथली फरशी फरशीच वाटली. पुढे कितीतरी दिवस मला याचंच भय वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मी मधली खोली बंद केली. पोरांचं खेळणं, जेवणं, झोपणं सगळं ओसरीत आणलं. यांना सांगितलं, फरशी सादळली आहे. खरं सांगायचं तर काय सांगणार होते? पण गाव छोटं, आणि पोरं घरी जाऊन बोलतात. दुर्वाने आईला सांगितलं, मधात जायचं नसते. सोहमच्या आईने ते मेघाकडून ऐकलं आणि संध्याकाळी ओसरीच्या दारातच मला विचारलं.

"काकू, तुमी लेकराईले भुताच्या गोष्टी सांगता काय?"

"नाही वं बाई. मी कशाला सांगू?"

"मंग एवढ्याशा लेकराईले हे कसं सुचते? मोठ्या मानसानं सांगतल्याबिगर सुचत नाई. मी शाळेत रोज पाह्यतो लेकरं." ती चिडली नव्हती, घाबरली होती. आपल्या पोराच्या डोक्यात कोणी काही भरतंय, असं वाटलं की आई घाबरणारच. दुसऱ्या दिवशी सोहम आला नाही. त्यानंतर बाकीचीही यायची थांबली; अयान, दुर्वा आणि पलक तेवढी उरली. दळणाच्या गिरणीत एक बाई मला पाहून बोलता बोलता थांबली.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मी स्वतःलाच तपासत असे. मी तर घाबरवलं नाही ना? माझ्या चालण्यात, पाहण्यात काही होतं का, जे पोरांनी उचललं? मूल मोठ्याच्या अंगातली भीती ओळखतं म्हणतात. पण मी तर तिथून रोज जात होते. मला भीती कुठे होती?

कार्तिक लागला. ओसरीत सकाळचं गार वारं येऊ लागलं. दुपारीही फरशी तापेना. पलकला सर्दी झाली, मग खोकला. तिची आजी, फार मायाळू बाई, काही वाकडं बोलली नाही. फक्त म्हणाली, "सुनंदाताई, वारा लागून राह्यला लेकराले. आतमधी खोली आहे ना तुमच्याकडे?"

ती गेल्यावर मी ठरवलं. पुरे झाला हा खुळेपणा. एका कोरड्या गोलासाठी मी आजारी पाडतेय का पोरांना? सोमवारी सकाळी मधली खोली उघडली, फिनेल टाकून पुसली, सतरंजी अंथरली. मुद्दाम बरोबर मध्ये अंथरली. दुपारचा वरण-भात झाल्यावर पोरांना त्यावर झोपवायला आणलं.

ती दारात थांबली. मग दुर्वा पुढे झाली, तिने खाली बसून सतरंजीचं टोक धरलं आणि ओढायला लागली. अयानने दुसरं टोक धरलं. पलकही आली. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. मुंग्या साखरेचा दाणा ओढून नेतात तशी त्यांनी ती जड सतरंजी सरकवत सरकवत भिंतीपर्यंत नेली. तिथे ती निम्मी दुमडली, तेवढ्या पट्टीवर तिघंही भिंतीला पाठ लावून दाटीवाटीने आडवी झाली.

माझ्या ओठांवर आलं होतं, उठा, मध्ये या. हातही पुढे झाला होता. पण पलक खोकली, डोळे मिटले, आणि मला तिला हलवावंसं वाटेना. झोपू दे, म्हटलं. उठल्यावर पाहू. भिंतीच्या कडेने मी स्वयंपाकघरात आले. हो, त्या दिवशी मीही कडेनेच आले. का, ते माहीत नाही.

भांडी घासत होते. बाहेर ऊन अगदी स्थिर होतं. लांबचं मळणीयंत्र थांबलं. आणि मधल्या खोलीत कोणीतरी उसासा टाकला.

मोठा आवाज झालाच नाही. पुढे लोक विचारत, धाडकन आवाज आला असेल ना? नाही. आधी एक लांब उसासा, मग दगडावर दगड सरकल्याचा आवाज, मग काहीच नाही, आणि मग खूप खालून, घराच्या तळापेक्षाही खालून, पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज.

मी दारात आले. धुळीचा पडदा उभा होता, खिडकीतल्या उन्हाची तिरीप त्यात थांबली होती. खोलीच्या मध्ये भोक होतं. गोल. काठाच्या फरश्या आत झुकल्या होत्या आणि माझ्या डोळ्यांदेखत आणखी एक सावकाश तिरपी झाली, निसटली आणि गेली. पुन्हा खालून पाणी वाजलं.

पोरं भिंतीला पाठ लावून उठून बसली होती. रडत नव्हती. तिघंही त्या भोकाकडे पाहत होती, दारावरून ओळखीचं माणूस गेलं तर पाहतात तशी.

 त्यांच्याकडे धावावं तर माझ्या वजनाने काठ ढासळेल. मागच्या दाराने वळसा घालून पुढून यावं तर तेवढा वेळ पोरं माझ्या नजरेआड. ती माझ्याकडे आली तर? मी सगळा जीव एकवटून हाक मारली, "आपा! आपा, ओसरीत या!"

आपा जेवत होत्या. उष्ट्या हाताने आल्या. ओसरीच्या दारात आल्या, भोक पाहिलं आणि चौकट धरली. त्यांच्या ओठांवर अल्लाचं नाव आलं. मग त्यांनी स्वतःला सावरलं आणि रोज बांगड्या भरताना बायकांशी बोलतात त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "अयान बेटा, उठ बरं. दुर्वाचा हात धर. पलकले घ्या. माह्याकडे या. भित्तीच्या कडेनं या."

सांगायची गरज नव्हती. दुर्वाने पलकचा हात धरला, पलकने अयानचा. आणि ती निघाली. भिंतीच्या कडेने, मग कोपऱ्यात वळून, मग दाराकडे. रोजचंच वळण. एकही पाऊल चुकलं नाही. दुर्वाच्या टाचेपासून हातभर अंतरावर फरशीत केसासारखी भेग धावत गेलेली मला दिसत होती. मी ओठ चावून धरले होते. आपांनी तिघांना एकदम मिठीत ओढलं, आणि मगच त्या मोठ्याने रडल्या.

मी मागच्या दाराने अनवाणी धावत पुढे आले. पलकच्या डोक्याचा वास घेतला, दुर्वाचे पाय चाचपले, अयानला उराशी धरलं. पोरं आमच्या रडण्याला कंटाळली आणि खाऊ मागू लागली.

संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली लोटली. हे आले ते कंडक्टरच्या खाकी कपड्यांतच खोलीच्या दारात बसून राहिले. गवंडी आला, त्याने दोर सोडून पाहिलं.

"आड हाय हा, काका. लय जुना. फळ्या टाकून वरून माती लोटली व्हती कोनं तरी. फळ्या सडल्या, माती खाली बसत गेली. यंदा पानीबी चढलं, मंग उतरलं." त्याने फरशीचा एक तुकडा हातात घेऊन पाहिला. "बऱ्याच दिसापासून खाली काहीच नव्हतं. निस्ती फरशी तरंगून राह्यली व्हती."

त्या तरंगत्या फरशीवरून मी दिवसातून किती वेळा गेले होते. हातात भाताचं पातेलं घेऊन, धुण्याची बादली घेऊन.

आपांनी घरी जाऊन त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना विचारलं, इथे आड होता का. म्हातारी आढ्याकडे पाहत म्हणाली, "मीठा पानी था उसका." बस, एवढंच. आड कोणी बुजवला, का बुजवला, काही आठवलं नाही.

आड नीट भरून घेतला. दगड, मुरूम, वर काँक्रीट, नवी फरशी. सोहमची आई एका सकाळी आली. त्याला कडेवर घेऊन नव्या फरशीकडे बघत उभी राहिली. "मी तुमाले काय काय बोललो, काकू," म्हणाली. मी सोहमला तिच्याकडून घेतलं. त्याने लगेच खाली उतरायला पाय झाडले, आणि खोलीच्या बरोबर मधून रांगत पलीकडे गेला. बाकीची पोरंही त्या दिवसापासून सरळ जाऊ-येऊ लागली, जणू कधी वेगळं काही नव्हतंच. मला मात्र सवय व्हायला पुढचा पावसाळा उजाडला.

पाळणाघर चाललं, वाढलं. लोक म्हणाले, देवाने राखलं. आपा म्हणाल्या, फरिश्ते लेकरांना दिसतात. हे म्हणाले, पोकळ जागेवर पाय वाजतो वेगळा, हलक्या पोरांना तो कळतो, आपल्याला कळत नाही. मला हे शेवटचं पटतं. दिवसा पटतं. आता माझ्याकडे नवी पोरं आहेत आणि मी त्यांच्या खेळांचं नियोजन करते तेव्हा एक वेळ मुद्दाम रिकामी ठेवते. त्या वेळात काही शिकवत नाही, नुसती बसून त्यांचं चालणं बघते.

मागच्या आठवड्यात दुर्वा आली होती. आता पहिलीत आहे, समोरचे दोन दात पडलेत. मेघाची बदली कामरगावला झाली, सामान आधीच गेलं होतं, मायलेकी निरोप घ्यायला आल्या. मेघा आपांकडे भेटायला गेली, तेव्हा दुर्वा आणि मी ओसरीच्या पायरीवर बसलो. मी तिला शेंगदाण्याचा लाडू दिला. इतकी वर्षं मी पोरांना विचारलं नव्हतं. विचारलं की ती सांगतील, आणि सांगितलं की ऐकावं लागेल. पण ती आता चालली होती.

"दुर्वा, एक विचारू का? त्या वर्षी तुमी सारे आतल्या खोलीत मधातून काहून जात नव्हते?"

लाडू खाता खाता तिने माझ्याकडे पाहिलं. मोठी माणसं काहीही विचारतात, अशा नजरेने.

"तिथं भुई कुठं व्हती, मावशी?"

"मंग काय होतं?"

"भोक व्हतं." तिने दोन्ही हातांनी गोल केला. "काळं. खाली पानी दिसे."

"अन् फरशी?"

तिला प्रश्न कळला नाही. ती बोटं चाटत राहिली. मग तिलाच काहीतरी आठवलं आणि तिने आवाज खाली आणला, इतक्या दिवसांची लाज मोडून विचारावं तसा.

"मावशी, तुमी तिथं कशा उभ्या राह्यल्या व्हत्या?"

"कधी गं?"

"आमचे पाय लाल केले व्हते तवा. तुमी मधात गेल्या. तुमच्या पायाखाली काहीच नव्हतं." ती माझ्याकडे निरखून पाहत होती. "अन् तुमी हासून राह्यल्या व्हत्या. आमाले या-या म्हनून राह्यल्या व्हत्या."

गल्लीच्या तोंडाशी जीपवाल्याने हॉर्न दिला. मेघाने हाक मारली. दुर्वाने उरलेला लाडू तोंडात कोंबला, मला घाईघाईत वाकून नमस्कार केला आणि पळाली. जीप वळेपर्यंत मी हात हलवत पायरीवर उभी होते. खाली पाहायचा धीर झाला नाही.